कोकणातल्या घरात मोठ्ठी पीस लिली : पावसाळ्यात जगवायची कशी, वाढवायची कशी

पडवीतली_बाग (गुहागर तालुका), २ जुलै

नमस्कार मंडळी. आमच्या पडवीतल्या पीस लिलीला यंदा ५ वर्षं झाली. काल सहज टेप लावली तर कुंडीच्या काठापासून वरच्या पानाच्या शेंड्यापर्यंत ४ फूट २ इंच भरली, एकेक पान माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत येतं आणि झाड कवेत मावत नाही. इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. दरवर्षी पाऊस लागला की दोन-चार ओळखीच्या बायका तरी फोन करून सांगतात की आमची गेली गं, आणि मला फार वाईट वाटतं कारण माझीही पहिली अशीच गेली होती आणि ती मीच घालवली हे मला नंतर कळलं.

ती पहिली मी फुलांवर असतानाच आणली होती, छोटीशी, ८ इंचाच्या कुंडीत. जंगलातलं झाड आहे, पावसात खूश होईल असं मनाशी धरून जून लागताच उचलून पागोळीखाली ठेवली. तीन आठवडे बरी होती. मग एक दिवस सगळी पानं काठावरून खाली लोंबली. मला वाटलं तहानली, म्हणून तांब्याभर पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी अजून घातलं. चौथ्या दिवशी पानं धरून हलकेच ओढली तर अख्खा झुपका हातात आला, खाली मुळं नव्हतीच म्हणायला हरकत नाही, सगळी तपकिरी, बोटात धरली की वरचं साल मोज्यासारखं सुटून यायचं आणि आत नुसता दोरा राहायचा. वास तर भिजून कुजलेल्या सोडणासारखा, म्हणजे नारळाच्या सालासारखा. तो वास अजून लक्षात आहे.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसलीय आणि हा धागा त्यासाठीच काढलाय. पीस लिली तहानली तरी मान टाकते आणि मुळं कुजली तरी मान टाकते, वरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. पान बघून पाणी घालायचं नाही, माती बघून घालायचं. बोट दोन पेरं आत घाला, ओलं लागलं तर तांब्या बाजूला ठेवा, पान कितीही लोंबलं असलं तरी. माती कोरडी असेल तर पाणी घातल्यावर दोन-चार तासात झाड उभं राहतं, ती तहान होती. माती ओली आणि तरी झाड पडलेलं, तर गडबड खाली आहे, पाणी घालून ती वाढणारच.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात हे जास्त होतं त्याला कारण आहे. जून ते सप्टेंबर आम्ही पडवीला नारळाची झापं बांधतो झडीसाठी, म्हणजे उजेड निम्म्यावर येतो, हवा इतकी दमट की वाळत घातलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही. अशा वेळी झाड पाणी पितच नाही फारसं. मे महिन्यात मी एक दिवसाआड पाणी घालते आणि जुलैत कधी कधी १२ दिवस थेंब घालत नाही. ज्यांचा हात सवयीने रोज तांब्याकडे जातो त्यांची झाडं जुलैत जातात.

दुसरी आणली तेव्हा मात्र चौकशी करून सेन्सेशन नावाची जात आणली. मोठी हवी असेल तर जात मोठी घ्यायला लागते, छोट्या जातीला कितीही खत घाला ती दीड-दोन फुटावर थांबते. सेन्सेशनची पानं रुंद, गडद हिरवी आणि त्यावर खोल पन्हाळी असतात, हात फिरवला तर बोटाला कळतात. चांगल्या जागी ही ५-६ फुटांपर्यंतही जाते. फुलं कमी येतात पण येतं त्या फुलाभोवतीचं पांढरं पान हाताच्या पंजाएवढं.

उजेडाबद्दल म्हणाल तर 'सावलीतलं झाड' हे ऐकून लोक कोपऱ्यात, जिन्याखाली नेऊन ठेवतात. तिथे ती मरत नाही पण वाढतही नाही. आमच्या माजघरात एक काचेचं कौल आहे, त्याच्या खालून जरा बाजूला मी ती दोन वर्षं ठेवली होती आणि त्याच दोन वर्षांत तिने खरी उंची घेतली. सकाळी तो उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत खाली यायचा आणि दुपारपर्यंत पुढे जायचा, झाडाला भरपूर उजेड पण ऊन अंगावर नाही. आता आत मावत नाही म्हणून पडवीत, पूर्वेच्या बाजूला. दिवा न लावता दुपारी पेपर आरामात वाचता येतो अशी जागा हवी एवढं धरून चाला.

लांबलं बरंच. तुमच्याकडच्या लिहा, फोटो असतील तर टाका, विचारा.

फ्लॅट_३०२ (रत्नागिरी), २ जुलै

ताई तुमचा धागा वाचला आणि हातातलं काम टाकून आधी कुंडीकडे धावले. माझी नेमकी अशीच आहे!! परवापासून सगळी पानं खाली, मी रोज पाणी घालतेय. बोट घातलं तर चिखल. खालची तीन पानं पिवळी झालीत. झाड २ फुटांचं आहे, सासूबाईंनी वास्तुशांतीला दिलेलं म्हणून जीव लागलाय. काही करता येईल का की गेलंच समजू?

पडवीतली_बाग, २ जुलै

गेलं समजू नका. आजच्या आज कुंडीतून बाहेर काढा, उद्यावर टाकू नका. वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी करा, झाड ओढू नका, कुंडीवर सगळ्या बाजूंनी थापट्या मारून गड्डा सरकू द्या. नळाखाली माती धुऊन टाका म्हणजे मुळं दिसतील. पांढरी किंवा फिक्कट आणि दाबली तर टणक ती जिवंत. तपकिरी, लिबलिबीत, साल सुटणारी ती सगळी कात्रीने कापायची, दया दाखवायची नाही, एक कुजकं राहिलं तरी परत पसरतं. कात्री मधेमधे सॅनिटायझरने पुसा. मग पानंही कमी करा, मुळं निम्मी गेली असतील तर पानं निम्मी, नाहीतर एवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण. आणि मुळं उरतील तेवढ्याच मापाच्या लहान कुंडीत लावा, जुनी माती वापरू नका, जुनी कुंडी वापरायची तर घासून धुऊन उन्हात, ऊन नसेल तर उकळतं पाणी ओतून.

सगळ्यात महत्त्वाचं, मधला गाभा, जिथून पानं फुटतात तो टणक आहे का बघा. तो टणक असेल तर झाड आहे.

दापोलीचा_रोपवाला, ३ जुलै

ताईंनी सांगितलं ते बरोबर. मी नर्सरीच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून थोडी भर घालतो.

पीस लिलीची मुळं सडतात त्यात नुसतं पाणी नसतं, एक बुरशी आहे सिलिंड्रोक्लेडियम म्हणून, ती या झाडाची खास वैरी आहे. जगभर नर्सरीवाले तिच्यामुळे हैराण असतात. ओल्या मातीत, कुंडीखाली साचलेल्या पाण्यात आणि एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत उडणाऱ्या शिंतोड्यांतून ती पसरते. म्हणून आजारी कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि कुंडीखाली ताटली असेल तर पावसाळ्यात काढूनच टाका. विटांवर किंवा जांभ्याच्या दोन तुकड्यांवर कुंडी उचलून ठेवा, खालून वारा जायला पाहिजे.

आता फुलांचं. खूप लोक येऊन आम्हाला सांगतात की तुमच्याकडून नेली तेव्हा ८ फुलं होती आणि मग दोन वर्षं एक नाही, काहीतरी फसवलंत. फसवलेलं नसतं पण सांगितलेलंही नसतं, आणि ते सांगायला पाहिजे असं माझं मत आहे. मोठ्या नर्सरीत रोपं लहान असतानाच जिबरेलिक ॲसिड नावाचं वाढीचं संप्रेरक फवारतात, नाशिकचे द्राक्षवाले जीए म्हणतात तेच. त्याने सगळी झाडं एकदम फुलावर येतात आणि विकायला सोपी जातात. घरी आल्यावर तो जोर ओसरतो आणि झाड आपल्या वयाने, आपल्या उजेडाने फुलतं, त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. घाबरून खताचा मारा करू नका.

अजून एक, आजकाल रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली असतात आणि कुंडी भरलेली दिसावी म्हणून एकाच कुंडीत ३-४ रोपं एकत्र असतात. तुम्हाला एकच मोठ्ठं झाड करायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती सोडवा, सगळ्यात जोरदार एक ठेवा आणि बाकीची वेगळी लावा. गर्दीत कुणीच मोठं होत नाही.

कुंडीचं माप एकदम वाढवायचं नाही. ८ वरून १०, १० वरून १२, असं दोन-दोन इंचाने, दीड-दोन वर्षांनी. छोट्या मुळांना १८ इंची कुंडी दिली तर उरलेली माती ओलीच राहते आणि परत तेच सडणं.

फ्लॅट_३०२, ३ जुलै

काढलं काल रात्री. ताई तुम्ही लिहिलेला वास अगदी तसाच!! निम्म्याहून जास्त मुळं गेली. पण गाभा टणक आहे आणि सात-आठ जाड पांढरी मुळं शिल्लक. १४ पानांतली ५ ठेवली. ८ इंची मातीच्या कुंडीत लावलंय. एवढंसं दिसतंय ते, बघवत नाही. माती कुठली घालायची ते आधी विचारायला हवं होतं, मी घरातली लाल माती आणि शेणखत घातलं.

पडवीतली_बाग, ३ जुलै

शेणखत आत्ता नको होतं पण थोडं असेल तर असू दे, परत उपटू नका, मुळांना आता हात लावायचा नाही. पुढच्या वेळेसाठी माझं मिश्रण सांगते. दोन घमेली लाल माती, दोन घमेली सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट मिळून, एक घमेलं गांडूळखत, एक घमेलं भाताचं जळकं तूस. आपली जांभ्याची माती थोडी आंबट असते आणि या झाडाला ती मानवते, पण ती नुसती घातली तर पावसात गच्च बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी होते, म्हणून सोडण आणि तूस. माती भुसभुशीत राहावी म्हणून घालतात त्या परलाइटच्या (हलक्या पांढऱ्या खड्यांच्या) पिशव्या मागवायची मला कधी गरज वाटली नाही, तूस गिरणीत मिळतं, जाळताना अर्धवट काळं झालं की पाणी मारायचं, राख करायची नाही.

सोडण मात्र नुकतं सोललेलं तसंच घालू नका. आठवडाभर बादलीत भिजवा, पाणी लालसर-तपकिरी होतं ते ओतून टाका, असं तीन-चार वेळा. क्षार आणि तो रंग निघून गेला पाहिजे.

खाडीकाठ (दाभोळ खाडीजवळ), ५ जुलै

माझा प्रश्न उलटा आहे, माझी पावसाळ्यात मस्त असते आणि एप्रिल-मे मध्ये पानांची टोकं तपकिरी होऊन वाळत जातात, आधी टोक मग कडेने. खत कमी केलं, जागा बदलली, काही फरक नाही. पाणी विहिरीचं.

दापोलीचा_रोपवाला, ५ जुलै

खाडीजवळ म्हणालात तिथेच उत्तर आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरीची पातळी खाली गेली की पाणी मचूळ होतं ना? चहा वेगळा लागतो की नाही? ते क्षार कुंडीत साचत जातात, झाड पाणी शोषतं आणि क्षार मागे ठेवतं, शेवटी पानाच्या टोकाला जळल्यासारखं होतं. पावसाळ्यात सुधारतं कारण पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन निघते.

उपाय सोपा आहे, आत्ता पागोळीचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवा, पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्या म्हणजे कौलांवरची धूळ निघून जाते, मग भरा आणि वर कपडा घट्ट बांधा नाहीतर डास. एका झाडाला २०० लिटरचा ड्रम उन्हाळाभर सहज पुरतो. आणि ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी त्याच्या टाकाऊ नळीचं पाणी झाडाला घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. पाणी वाचवायला म्हणून लोक घालतात, भावना चांगली आहे पण पीस लिलीला ते सोसत नाही, ते लादी पुसायला वापरा.

खाडीकाठ, ५ जुलै

चहाचं अगदी बरोबर ओळखलंत. ड्रम आजच लावतो.

मांजरवाली (अलिबाग), ६ जुलै

मला एक गोष्ट कळकळीने विचारायची आहे. घरात तीन मांजरं आहेत. लिली मांजरांना विषारी असते, एका पानानेही मांजर जातं असं वाचलं. मग ही ठेवायची की नाही?

पडवीतली_बाग, ६ जुलै

ती लिली वेगळी. खरी लिली, म्हणजे बुकेत असते ती मोठ्या फुलांची सुवासिक, ती मांजराची किडनी निकामी करते, तिचे परागसुद्धा चाटले तरी धोका, ती मांजराच्या घरात आणूच नये. पीस लिली नावालाच लिली आहे, कूळ आपल्या अळवाचं. अळू, सुरण, शेवळं, अँथुरियम, मनी प्लांट सगळी एकाच घरातली. आणि खाजरं अळू नीट शिजलं नाही की घशाला जे होतं तेच हिच्या कच्च्या पानाने होतं, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात. मांजराने चावलं तर तोंडातून लाळ, पंजाने तोंड घासणं, उलटी असं होतं. जीव जाण्याइतकं सहसा होत नाही पण त्रास खूप होतो, तेव्हा पोहोचेल अशा ठिकाणी ठेवू नका आणि चावलंच तर तोंड पाण्याने पुसून डॉक्टरकडे न्या. रांगती मुलं असतील त्यांनीही हेच पाळा.

यावरून एक फार महत्त्वाचं आठवलं, सगळ्यांनी वाचा. गेल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे सून आली होती शहरातून, ती आमच्या मागीलदारी हळदीची पानं काढायला आली, पातोळ्यांना. मी आत होते. बाहेर आले तर हातात माझ्या छोट्या पीस लिलीची सहा पानं. तिचा काही दोष नाही, पान खरंच हळदीसारखं दिसतं, लांबट, टोकदार, शिरा तशाच. नशीब मी बघितलं. त्या पानात पातोळ्या वाफवल्या असत्या तर पोरांची तोंडं आली असती. हळदीचं पान चुरगळलं की घमघमाट येतो, पीस लिलीला काही वास नाही. तेव्हापासून दोन्ही एकमेकांजवळ ठेवायची नाहीत हा आमच्या घरात नियम झालाय.

मांजरवाली, ६ जुलै

हळदीचं वाचून काटा आला अंगावर. माझ्या आईकडे दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी आहेत, आत्ताच फोन करते.

सकाळची_फेरी (चिपळूण), ९ जुलै

पीस लिली हवा शुद्ध करते म्हणून मी बेडरूममध्ये दोन ठेवल्यात, नासाने सांगितलंय ना तसं. मुलाला दमा आहे. अजून किती ठेवाव्यात?

दापोलीचा_रोपवाला, ९ जुलै

विकणारा माणूस असूनही खरं ते सांगतो. नासाचा अभ्यास खरा आहे, १९८९ चा, त्यात पीस लिलीही होती. पण तो हवाबंद छोट्या पेटीत केलेला प्रयोग होता. आपलं घर पेटी नाही, खिडकी-दारातून हवा सतत बदलत असते. २०१९ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा निघालं की नुसत्या हवा खेळण्याने जेवढी सफाई होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटर जमिनीला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १००० झाडं लागतील. म्हणजे घरात माणसाला जागा राहणार नाही.

मुलाला दमा असेल तर पावसाळ्यात बंद खोलीत ओल्या मातीच्या कुंड्या वाढवू नका, मातीवर बुरशी धरते ती दमेकऱ्याला चांगली नाही. एक बाहेरच्या खोलीत ठेवा आवडते म्हणून, आणि औषधाचं डॉक्टरांना विचारा.

सकाळची_फेरी, ९ जुलै

स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. दोन्ही गॅलरीत हलवल्या.

पोफळीखालचा (कुडाळ), १२ जुलै

बरां झालां धागो काढलंस ताई. मी कुंडीतली नाही, जमिनीतली सांगतो. आमच्या पोफळीच्या बागेत पाटाच्या कडेला बायकोने सहा वर्षांपूर्वी एक गड्डा लावला होता, आज तिथे सात-आठ फूट लांबीचं बेट आहे, उंची माझ्या छातीला लागते. पोफळीतून झिरपतं ऊन, खाली पालापाचोळा, पाटाचं वाहतं पाणी जवळ पण साचत नाही. कोण विचारतं की काय खत घालता तर काहीच नाही, पाचोळा कुजतो तेच.

मला वाटतं मूळ ठिकाणी हे झाड असंच राहत असणार. वाचलं होतं की मध्य आणि दक्षिण अमेरिकेत ओढ्याकाठच्या जंगलात मोठ्या झाडांखाली वाढतं. मग आपली बागायत त्याला घरच वाटणार. ज्यांच्याकडे आगर (नारळ-पोफळीची बाग) आहे त्यांनी एक तरी जमिनीत लावून बघा, फक्त वाफा वीतभर उंच करा, सखल जागी लावू नका. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक मोठा फुटवा गड्ड्यासकट उचलून कुंडीत लावायचा नि मखराच्या बाजूला ठेवायचा, माटवीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीच्या) खाली ती पांढरी फुलं इतकी शांत दिसतात. अकरा दिवसांनी परत जमिनीत.

गोगलगाई मात्र बघाव्या लागतात, रात्री बॅटरी घेऊन. कोवळं पान उलगडायच्या आधी पुंगळी असतं तेव्हाच भोक पाडतात, मग पान उलगडलं की एका रांगेत चार भोकं दिसतात. वेचून काढणं हाच उपाय, मीठ टाकू नका, मीठ मातीत जातं.

बंदघर_देवगड (सध्या मुंबई), १३ जुलै

आमच्यासारख्यांचं काय? गणपती आणि मे महिना सोडला तर गावचं घर बंद. दोनदा आणली, दोनदा वाळली. आईच्या ओटीवर एक तरी हिरवं हवं असं फार वाटतं.

पोफळीखालचा, १३ जुलै

कुंडीत नकोच मग. विहिरीच्या मागे, न्हाणीच्या सांडपाण्यापासून लांब, आंब्याच्या सावलीत जमिनीत लावा नि शेजाऱ्यांना आठवड्यातून दोनदा पाणी घालायला सांगा डिसेंबर ते मे. पाचोळ्याचा जाड थर द्या. गणपतीला आलात की ओटीवर आणा. वाळली तरी लगेच उपटून टाकू नका, गाभ्यात जीव असतो.

श्रीवर्धनकर_बाग, १३ जुलै

गाभ्याचं खरंय, मी साक्षीदार आहे. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला तेव्हा आमच्या पडवीचे पत्रे गेले, आगरातल्या माडांचं तर बोलायलाच नको. पीस लिलीची कुंडी भिंतीजवळ होती म्हणून फुटली नाही पण पानांच्या नुसत्या चिंध्या झाल्या, वर खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसात सगळं काळं. घर सावरण्यात महिना गेला, झाडाकडे कोण बघतो. वडिलांनी मात्र एका सकाळी सगळी पानं मातीलगत कापून टाकली आणि कुंडी न्हाणीच्या आडोशाला ठेवली. जुलैअखेर त्यातून पहिली हिरवी पुंगळी वर आली. त्या दिवशी वडील किती तरी वेळ तिथेच उभे होते. माड परत लावायला वर्षं लागली पण ही त्याच दिवाळीपर्यंत भरली.

पडवीतली_बाग, १४ जुलै

वाचून डोळ्यात पाणी आलं. वडिलांना नमस्कार सांगा.

फ्लॅट_३०२, २१ ऑगस्ट

दीड महिना झाला. पानं होती ५, एक अजून पिवळं होऊन गेलं, उरली ४. पण ती उभी आहेत!! पाणी मी आता बोट घालूनच घालते, जुलै-ऑगस्ट मिळून सहा वेळा घातलं असेल. नवीन पान नाही अजून. खत घालू का?

पडवीतली_बाग, २१ ऑगस्ट

अजिबात नको. पान नाही म्हणजे ती खाली मुळं करतेय. नवीन पान येऊन पूर्ण उलगडलं की मग १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. मी एवढ्या मोठ्या झाडालाही याच्यापेक्षा जास्त घालत नाही. आणि ऑक्टोबरमध्ये जपा, पाऊस गेला की चार महिने ढगाखाली राहिलेलं कोवळं पान एकदम उन्हात येतं आणि एका दुपारीत पांढरट चट्टे पडतात, ते भरून येत नाहीत. खिडकीला पातळ पडदा लावा.

हायवेच्या कडेला घर असणाऱ्यांनी पानं पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसा, खालून हात देऊन. लाल धुळीचा थर बसला की उजेडच पोचत नाही. पुसताना पानामागे कापसासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, तिथल्या तिथे पुसून काढा, मग साबणाचं सौम्य पाणी मारा.

फ्लॅट_३०२, ३० सप्टेंबर

पान आलं. आधी दांड्याच्या बगलेतून हिरवी सुई, मला वाटलं जुनाच देठ फाटला. चार दिवस बघत होते. आज सकाळी उलगडलं, अजून मऊ आहे, चकचकीत, पोपटी. सासूबाईंना व्हिडिओ कॉल करून दाखवलं.

खाडीकाठ, ४ ऑक्टोबर

अभिनंदन! माझे दोन ड्रम भरलेत, मे मध्ये टोकांचा रिपोर्ट देतो.

फ्लॅट_३०२, ११ फेब्रुवारी

हा धागा वर काढतेय कारण तुम्हालाच सांगायचं होतं. ९ पानं झाली, ती १० इंची कुंडीत हलवली जानेवारीत, सोडण भिजवून, तूस घालून, सगळं ताईंच्या मापाने. आणि आज पाणी घालताना एका पानाच्या देठात पोट आल्यासारखं दिसलं. बोटाने जरा बाजूला केलं तर आत फिकट हिरवी, मिटलेली, टोकाला किंचित पांढरी. पान नाहीये ना ही?

पडवीतली_बाग, ११ फेब्रुवारी

नाही, पान नाही. हात लावू नका आता, दहा-बारा दिवस थांबा.